बाबूचा डबा

संक्रांतीला लोक तिळगूळ वाटतात. आमच्या शेजारचे गोविंद सर आधी व्याख्यान वाटतात.

परभणीच्या एका कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला हा माणूस तिळाची चिक्की स्वतः करतो. थोडा साखरेचा पाक थंड फरशीवर ओततो, तो काचेसारखा लख्ख होतो. थोडा पातेल्यासकट गोधडीत गुंडाळतो, त्यात सावकाश खडे धरतात. मग आल्यागेल्याला दोन्ही दाखवायचे.

“झटकन गार केलं की कणांना रांगेत बसायला सवड मिळंना. जो जिथं हाय तिथंच. शेजारी सरकल्याबिगर ह्याला सरकता येईना, अन् शेजारी म्हणतो तू आधी सरक. काच म्हंजे हेच. हे थांबलेलं न्हाई, अडकलेलंय.”

एकदा कुरिअरवाला पार्सल हातात धरून हे सगळं ऐकत उभा होता. बिचाऱ्याला वाटलं, सही मिळायची ही अट आहे.

सरांच्या निरोपसमारंभात त्यांचा धाकटा भाऊ बाबू बोलायला उठला. ताडकळसचा शेतकरी, थट्टेखोर गडी. म्हणाला, “दादानं लय काच पाह्यली, पण खिडकीबाहेर न्हाई पाह्यलं.” सभागृह खो खो हसलं. सर हसले नाहीत. त्या दिवसापासून बोलणं बंद.

धाकट्यानं थोरल्याकडे तिळगूळ घ्यायला यायचं, ही रीत. सर दर संक्रांतीला बाबूसाठी वेगळा डबा भरायचे आणि रथसप्तमीपर्यंत दाराकडे कान लावून बसायचे. “तुम्हीच जा की,” मी म्हणायचो. “तो धाकटाय,” एवढंच उत्तर. मला त्यांचा फार राग यायचा. कणांचं एवढं कळणाऱ्या माणसाला हे कसं कळू नये?

यंदा श्रावणात बाबू गेल्याचा फोन आला. सरांनी फळीवर तसाच राहिलेला बाबूचा डबा काढला आणि अनवाणीच माझ्या मोटारसायकलवर बसले.

ताडकळसला अंगणात बाबूला निजवलं होतं. त्याची बायको सरांना पाहून हळूच म्हणाली, “दादा, हे दर साली रथसप्तमीपस्तोर वाट बघायचे. दादानं बोलवलं का, इचारायचे.”

 सरांनी डबा उघडला. पावसाळी हवेनं चिक्की मऊ पडून तिचा गोळा झाला होता. एरवी यावरही त्यांनी अर्धा तास घेतला असता. आज त्यांनी बोटानं चिमूटभर काढली, वाकून भावाच्या ओठांवर ठेवली.

“घे, बाबू,” ते म्हणाले. “मी आलोय.”