झिपरोजीचा चिकू आणि उचलणीचा दिवस

एका जंगलात सगळी फळझाडे कुंडीत राहत असत. हसू नका मुलांनो. जंगल असले म्हणून काय झाले? तिथेही राज्य होते, आणि राज्य म्हटले की फर्मान आलेच.

फर्मान सोपे होते. जमिनीतले फळझाड महाराजांचे, कुंडीतले प्रजेचे. महाराज म्हणजे सिंह. सिंह फळे खात नाही हे तुम्हाला बालवाडीत शिकवलेच असेल. पण जे खाता येत नाही तेही आपल्याच नावावर असले, की राजाला झोप छान लागते.

झिपरोजी अस्वलाकडे कुंडीत एक चिकू होता. त्याला फळे यायची सुपारीएवढी. घरात बायको ठकूबाई आणि दोन पिल्ले. पिल्ले अर्धपोटी, मुसमुसत झोपायची, आणि झिपरोजीला स्वतःची फार लाज वाटायची.

एके दुपारी तो कुंडीला टेकून डुलक्या घेत होता. झोपेत सगळा भार कुंडीवर गेला आणि तिचे बूड फुटले. वरून काही दिसत नव्हते. झिपरोजीने इकडेतिकडे पाहिले आणि अळीमिळी गुपचिळी केली. नवी कुंडी आणायचा त्याला कंटाळा होता. जगातल्या बऱ्याच सुधारणा कंटाळ्यातून झाल्या आहेत, पण हे परीक्षेत लिहू नका.

मुळांना खाली जमीन सापडली. झाड तरारले. दोन-तीन पावसाळ्यांत मुठीएवढे चिकू लागले. पिल्लांच्या गालांवर बाळसे आले.

झाडाचा बोलबाला झाला. कुंडी खात्याचे प्रमुख कोल्हेसाहेब पाहायला आले. त्यांनी पाने कुरवाळली, चार चिकू खाल्ले, दहा बांधून घेतले आणि कुंडीकडे ढुंकूनही न पाहता दरबार गाठला.

"महाराज, ही आमच्या खात्याची कुंडी-पद्धत," ते म्हणाले.

महाराजांनी त्यांच्या गळ्यात पदक घातले. साहेब ते आंघोळीलाही काढत नसत.

इकडे ठकूबाईचा जीव टांगणीला लागला. "अहो, त्यांचं पदक झालं. पण उचलणीला तुम्ही काय करणार आहात?"

उचलणी म्हणजे काय, ते ऐका. दर तिसऱ्या वर्षी पावसाळा सरला की महाराजांसमोर प्रत्येकाची कुंडी उचलून बघत. ती जमिनीपासून चार बोटे वर दिसली, तर झाड तुमचे. नाही दिसली, तर झाड महाराजांचे, आणि तुम्ही बसा बोटे चोखत.

तो दिवस उजाडला. दोन गवे पुढे झाले. सशाची कुंडी त्यांनी चहाच्या कपासारखी उचलली. तिच्यातल्या झाडाला एकच चिकू होता, तोही पानाआड लाजून बसलेला. मग ते झिपरोजीकडे आले. त्यांनी जोर लावला. तोंडाला फेस आला, पण कुंडी तसूभर हलली नाही.

"कोल्हे, हे काय?" महाराजांनी विचारले.

कोल्हेसाहेब वाकले. त्यांनी कुंडीच्या बुडाशी नखाने जरा उकरून पाहिले आणि सगळे समजले. झिपरोजी पंजे जोडून हळूच म्हणाला, "साहेब, पदरी लेकरं आहेत."

लेकरांचे साहेबांना काही नव्हते. पण त्यांचा हात आपसूक गळ्यातल्या पदकाकडे गेला. झाड जमिनीतले ठरले, तर पदक कशाचे ठरणार?

"महाराज," ते सरळ उभे राहत म्हणाले, "कुंडी जमिनीपासून चार बोटं वर दिसली पाहिजे, एवढंच फर्मानात आहे. कुंडीनंच वर जावं असं कुठे म्हटलंय? आपण जमीन खाली घेऊ."

महाराजांना ते पटले. राजांना अशा गोष्टी चटकन पटतात. रानडुकरांनी भोवतीची माती उकरली. कुंडी चार बोटे वर दिसू लागली.

"तिच्याखाली ते जाडजूड काय आहे?" महाराजांनी विचारले.

"कुंडीचा पाय आहे, महाराज."

झाड झिपरोजीचेच राहिले. पिल्ले बापाच्या अंगावर उड्या मारू लागली, आणि ठकूबाई सगळ्यांदेखत रडली. माती उकरल्याने झाडाला आयते आळे मिळाले होते, त्यामुळे चिकू आणखीच धरले.

पुढच्या उचलणीला जंगलातली एकही कुंडी उचलेना. प्रजा रांगेत उभी राहून म्हणू लागली, "साहेब, आमचीही जमीन खाली घ्या." डुकरे उकरून उकरून थकली. जंगलात फळांचा खच पडला. कुंडी-पद्धतीचा विजय झाला म्हणून साहेबांना दुसरे पदक मिळाले.

एकट्या सशाची कुंडी तेवढी सहज उचलली गेली. साहेबांनी त्याचे झाड जप्त केले.

"पण माझी कुंडी तर उचलली गेली ना?" ससा रडवेला होऊन म्हणाला.

"तेच विचारतोय," साहेब म्हणाले. "सगळ्या जंगलात तुझीच कशी उचलली जाते?"

तात्पर्य : बाळांनो, नियम पाळावा की मोडावा, याची चिंता लहानांनी करू नये. आधी साहेबांच्या गळ्यात पदक पडू द्यावे. मग आपल्यासाठी जमीनसुद्धा खाली सरकते.