नाव घेतल्याने गेलेली निवडणूक

लोकसभा जिंकायची तर पक्षाला शत्रू लागतो, आणि तो शक्यतो बिननावाचा असावा लागतो.

अखिल जनसामान्य पक्षाने हे वेळीच ओळखले होते. पक्षाचा जाहीरनामा एका ओळीचा होता: ‘ते लोक आपल्याला लुटत्यात.’ (छपाईचा कागद वाचला.) उमेदवार होता कबनूर गावचा गुरुसिद्ध. वीस वर्षं यंत्रमागावर काढलेला, सरळ माणूस. पहिल्या अकरा सभा त्याने याच ओळीवर गाजवल्या. कामगारांना ‘ते’ म्हणजे मागमालक वाटले, मागमालकांना सुताचे व्यापारी, पन्हाळ्याच्या हॉटेलवाल्यांना साहेब लोक, आणि साहेब लोकांना तक्रारी घेऊन येणारी जनता. टाळ्या सगळ्यांनीच वाजवल्या. प्रचारप्रमुख हंबीररावांच्या पाहणीनुसार एकशे चार टक्के मतदार पाठीशी होते.

बारावी सभा कबनूरलाच होती. तिथे गुरुसिद्धची थोरली बहीण रत्नव्वा उभी राहिली.

“गुरुसिद्धा, ते म्हंजे कोण रं? नाव घे की!”

हंबीररावांनी माईक ओढला. “अक्का, खाली बसा. जनतेला समदं म्हाईत हाय.”

“मला न्हाय म्हाईत. म्हणून तर इचारतोय.”

गुरुसिद्धला बहिणीशी खोटं बोलता येत नसे. (उमेदवारी अर्जात हा रकाना नसतो.) त्याने माईक परत घेतला.

“अक्का, मापात मारणारा दुकानदार हाय. लाइटीचं मीटर थांबवणारा मागमालक हाय. सही ठोकून घरला जाणारा साहेब हाय. बांध कोरणारा शेतकरी हाय. आन् नळाला मोटर लावून शेजाऱ्याचं पाणी वढणारं आपुन बी हाय.”

टाळी एकच वाजली, रत्नव्वाची. बाकीचे चपला शोधू लागले. गुरुसिद्ध मात्र घरी जाऊन तीन आठवड्यांत प्रथमच पोटभर जेवला, आणि जेवण झाल्यावर नळाची मोटर काढून ठेवली.

मतं सहाशे अकरा पडली. पक्षाच्या चौकशी समितीने कारण नोंदवले: ‘उमेदवाराने तपशिलात शिरून जनतेचा विश्वासघात केला.’

वर्षभरात पोटनिवडणूक लागली. हंबीरराव स्वतः उभे राहिले, त्याच एका ओळीवर, आणि दोन लाखांनी निवडून आले. गुरुसिद्धच्या शेजाऱ्याच्या नळाला आता भरपूर पाणी येते. त्या शेजाऱ्याचेही मत हंबीररावांनाच होते.

हे वाचून तुम्ही मान हलवून म्हणाल, “लोकच तसले, त्याला कोण काय करणार?” अभिनंदन. पक्षाची सदस्यनोंदणी चालू आहे. तुमचा अर्ज तुम्ही आत्ताच भरलात.