गोंद्या सांगितलेलं ऐकतो

एका जंगलात, पोरांनो, मुतायलासुद्धा शिकवावं लागायचं. हसू नका. तुम्हालाही शिकवलंय.

तिथं भागू नावाची अस्वलीण राहायची. तिचा पोरगा गोंद्या. भागू त्याला रोज सागाच्या खुंटामागं बसवायची आणि तोंडानं आवाज काढायची, "शूऽऽऽ." आवाज लांबला की गोंद्याचं काम व्हायचं. मग ती म्हणायची, "शाबास, माझं वाघरू." अस्वलाला वाघरू म्हटलेलं फार आवडतं.

पावसाळ्याच्या आत गोंद्या तयार झाला. गुहा कोरडी. भागूनं ही बातमी सगळ्या जंगलाला सांगितली. कोणी विचारलं नव्हतं.

मग भागूला दुसरं पिल्लू झालं आणि गोंद्या बिघडला.

गुहेत मुतला. पाहुण्यांसमोर मुतला. आजीच्या अंथरुणात मुतला, तेही आजी त्यावर बसलेली असताना. दर वेळी मुतून झालं की आईकडं बघत उभा राहायचा, काहीतरी मिळायचं राहिल्यासारखा. मिळायचा धपाटा.

"मुद्दाम करतंय," सासू म्हणाली. "आमच्यात असलं कोणी नव्हतं. तुझ्या माहेरचं असेल."

"आत्याबाई, हळू बोला. बाळ उठेल."

"मी हळूच बोलते. हाच धिंगाणा घालतोय. ए गोंद्या, शूऽऽऽ."

गोंद्या तिथल्या तिथं मुतला.

"बघितलंस? तोंडावर," सासू म्हणाली.

भागूची अडचण खरी होती. अस्वलीण पिल्लू पाठीवर घेऊन मधाला जाते. पाठ एक, पोरं दोन. गोंद्याला बालवाडीत घातल्याशिवाय झाडावर चढता येत नव्हतं, आणि बगळेबाईंची बालवाडी ओलं पोर घेत नव्हती. घरातला मध संपला होता. नवरा होता, पण तो विचार करत होता.

भागू मोराकडं गेली. मोर पोरांच्या मनाचा जाणकार होता. त्याला स्वतःला पोर नव्हतं, म्हणून वेळ होता.

मोरानं आधी पिसारा फुलवला, मग तोंड उघडलं. "ह्याला धाकट्याचा मत्सर वाटतो. हे मुतणं नाही, ताई. हे रडणं आहे. फक्त खालून आहे."

"मग मी काय करू?"

"माया करा."

"करते की."

"मग थोडी कमी करा."

भागू घरी आली. दुसऱ्या दिवशी गोंद्याला वाटेत दोन झाडांमागं मोकळा केला आणि थेट बालवाडीत नेला.

बगळेबाई एका पायावर उभ्या होत्या. "नाव काय रे तुझं?"

"गोंद्या."

"कोरडा आहेस ना?"

"हो."

बाई खूश झाल्या. घेतलाच म्हणा त्याला. तेवढ्यात मागं ससे भांडायला लागले. बाईंनी मान वळवली. "शूऽऽऽ."

गोंद्यानं बाईंच्या पायावर केली. थोडीच उरली होती, पण मन लावून केली.

"हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलं ते," गोंद्या म्हणाला आणि शाबासकीसाठी थांबला.

भागूच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. ती म्हणाली, "बाई, पोराची काही चूक नाही. मी ह्याला शू म्हणून मुतायला शिकवलं. आता घरात बाळ झोपलं की सगळे ह्याला शू करतात. तुम्ही नुसतं 'गप्प' म्हणा. नाही मुतायचा."

"आमच्याकडं शू म्हणजेच गप्प," बगळेबाई पाय झटकत म्हणाल्या. "एका पोरासाठी बालवाडीची भाषा बदलता येत नाही. तुम्ही पोर बदला."

भागूनं पोर बदललं. त्याला खुंटावर बसवून म्हणाली, "गोंद्या, कोणी शू म्हटलं तर ऐकायचं नाही. आजीनं म्हटलं तरी नाही. बाईंनी म्हटलं तरी नाही."

"तू म्हटलंस तर?"

"तरी नाही. तुझं तुला कळेल तेव्हा जायचं."

गोंद्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. ते त्याचं शेवटचं ऐकणं.

थोड्याच दिवसांत पोरगा खडखडीत कोरडा झाला. बालवाडीनं घेतला. भागू झाडावर चढली, घरात मध आला. नवऱ्यानं विचार थांबवून तो खाल्ला.

आता आजी म्हणते, पाणी दे, तर गोंद्या ढिम्म. बाई म्हणतात, रांगेत उभा राहा, तर गोंद्या आडवा. बगळेबाई आल्यागेल्याला सांगतात की स्वतःच्या डोक्यानं चालणारं एवढं प्रगत पोर आमच्याकडं दुसरं नाही.

संध्याकाळी भागू त्याला न्यायला जाते. "गोंद्या, चल बाळा घरी," म्हणते. तो कोरडा उभा असतो आणि येत नाही.

तात्पर्य : पोर ओलं असेल तर आईबापांनी घाबरू नये. ते अजून तुमचं ऐकतंय.