सामाईक छत्रीतलं भोक

दोन हाडवैरी देशांनी आकाशात मिळून एक छत्री धरायची ठरवली, तेव्हा सैन्याच्या कचेरीतल्या एकुलत्या एक नकाशेवाल्यांना वाटलं, सुटलो एकदाचा! कुणीही क्षेपणास्त्र सोडो, ते दोघांनी मिळून वरच्या वर पाडायचं, असा करार होता. लांबलचक टेबल, दोन्हीकडचे सेनापती, मध्ये बिस्किटं, सगळं कसं जिव्हाळ्याचं चाललं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या सेनापतींनी रास्त शंका काढली. छत्री पक्की झाली, तर आमची क्षेपणास्त्रं तुमच्यावर पडणार कशी? आपल्या सेनापतींनाही हीच चिंता खात होती. एकमेकांची भीतीच उरली नाही, तर मैत्री टिकायची कशाच्या जोरावर? तेव्हा परस्पर विश्वासाचा भाग म्हणून प्रत्येकाने आपल्या बाजूला एक भोक ठेवावं, असं एकमताने ठरलं.

नकाशेवाल्यांनी आपल्या बाजूचं भोक ओसाड माळावर काढलं. झालं, पाहुणे रुसले. दगडधोंड्यांवर क्षेपणास्त्र टाकायचं म्हणजे त्यांच्या शास्त्रज्ञांचा अपमान. भोकाखाली माणसं हवीत, नांदती. आपले सेनापती पडले दिलदार. त्यांनी चहाचा कप नकाशावर टेकवला आणि उचलला. जो ओला गोल उमटला, तेच भोक मंजूर. नकाशेवाल्यांनी वाकून पाहिलं. त्या गोलात त्यांची ताई राहत होती.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सेनापतींना गाठलं आणि चाचरत सांगितलं.

"अहो, मग आधी नाही का बोलायचं?" सेनापती विरघळले. "आपण काय राक्षस आहोत? सरकवा की थोडं."

"कुठे, साहेब?"

"जिथले लोक ओरडणार नाहीत, तिथे."

नकाशेवाले खोडरबर घेऊन बसले. एका गावी मंत्र्यांची सासुरवाडी निघाली. दुसऱ्या गावचे लोक महा भांडकुदळ, मोर्चाच आणतील. शेवटी मनाजोगतं ठिकाण सापडलं, तेव्हा त्यांनी ताईला फोन लावला. तुझ्या डोक्यावरचं भोक सरकवलं, काळजी मिटली म्हणाले.

"मग आता ते कुणाच्या डोक्यावर गेलं रे?" ताईने विचारलं.

"तू जेवून घे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ठिकाण खरोखर उत्तम आहे. तिथली माणसं शिकलेली, समजूतदार. सरकारची टर उडवणारं काही वाचलं की गालातल्या गालात हसतात, 'अगदी खरं लिहिलंय हो' म्हणतात आणि पान उलटतात.

हं, उलटा.