माशाची पोथी

दुधरामच्या भातशेताच्या बांधीतले परे, म्हणजे रोवायची रोपं, चाळीस दिवसांचे झाले होते आणि पुस्तकातला लंगडा कप्तान अजून माशापर्यंत पोचला नव्हता.

चूक दुधरामचीच. बोदलकशाच्या मारुतीच्या देवळात दर पावसाळ्यात यादोराव पोथी वाचायचे. यंदा ते लेकीच्या बाळंतपणासाठी तिरोड्याला गेले. "तेच तेच काय आयकता?" असं लोकांना वर्षभर हिणवणाऱ्या दुधरामला मग लोकांनीच चौरंगासमोर बसवलं. डिक्शनरी उशाशी घेऊन एकट्याने इंग्रजी शिकलेला माणूस तो, त्याला मिरवायचं होतंच. कालव्याचा ओव्हरसियर बदली होऊन जाताना टाकून गेलेली अमेरिकेची जाडजूड कादंबरी त्याने बगलेत मारली. जमीन ओली होती म्हणून चौरंगावर ठेवली. तेवढ्यात अनुसयाबाईने तिला कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि नारळ फोडला.

झालं. कादंबरीची पोथी झाली. आणि गावचा नियम असा, की लावलेली पोथी समाप्त होईपर्यंत वाचणाऱ्याच्या बांधीत रोवणी करायची नाही. रोवणाऱ्या बायांची म्होरकी हीच अनुसयाबाई.

"दोन दिवसांत संपवतो," दुधराम छाती काढून म्हणाला होता. तेव्हा त्याची स्वतःची वीस पानंसुद्धा वाचून झाली नव्हती.

गोष्ट एवढीशी. माशाने कप्तानाचा पाय तोडला आणि कप्तान जहाज घेऊन त्याच्या मागे लागला. पण लिहिणाऱ्याचा हात रोखणारं अमेरिकेत कोणी नव्हतं. माशाच्या डोक्यावर दहा पानं. शेपटीवर सहा. मग चरबी, हाडं, कातडं. दुधराम रोज दिवेलागणीला एक वाक्य इंग्रजीत वाचायचा, एक मराठीत सांगायचा आणि एक मनातल्या मनात लिहिणाऱ्याच्या खानदानाला उद्देशून म्हणायचा.

तलावावर जाळं टाकणारा सुकराम ढिवर पहिल्याच रांगेत बसायचा.

"जाळं काऊन नाई टाकत जी तो?"

"मासा या देवळाहून मोठा हाये."

"मंग सोडून दे म्हणा. एक पाय तं गेला, दुसराई द्यायचा हाये का त्याले?"

"सुकराम, मले वाचू दे!"

"आन् सालोसाल पाण्यातच? बायको नाई का त्याले?"

"हाये. घरी."

"सुखी असन बिचारी," अनुसयाबाई म्हणाली, आणि सगळ्या बाया खूष झाल्या.

शेवटी दुधरामने गुपचूप पन्नास पानं पलटली. अनुसयाबाईने खुणेचं मोरपीस पाहिलं, पुस्तकाच्या जाडीवर बोट ठेवून मोजलं.

"काल पीस इथं होतं. आज बोटभर पुढं कसं गेलं? पानं सोडली का जी भाऊ?"

"माशाच्या पोटातलं तेल मोजलं हाये तिथं, काकी! ते काय आयकता?"

"पोथीतलं तेल सोडते का कोणी? वाचा."

घरी बायको शामकला वाटच पाहत असायची. "परे पिवळे पडून राह्यले. तुमचा मासा मरते का नाई?"

"मी मरतो आधी!"

असा महिना काढून एका संध्याकाळी दुधरामने शेवटचं पान गाठलं. मासा वाचला. कप्तान गेला, जहाज बुडालं, माणसं मेली, एकच जण तरला. दुधरामने पुस्तक फाडकन मिटलं.

"झाली समाप्ती!"

"आन् फळ?" अनुसयाबाईने विचारलं.

"कायचं फळ?"

"पोथी आयकल्याचं. फळ नाई सांगितलं तं समाप्ती नाई. पहिल्यापासून लावा लागते."

दुधराम ताडकन उभा राहिला. शेवटचं कोरं पान उघडून गरजला, "हे पाहा, लिहिलं हाये! जो आपल्या एका हट्टापायी साऱ्यायले राबवते, त्याची नाव बुडते! झालं?"

सगळ्यांनी हात जोडले. शामकलाने सुटकेचा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दुधराम बांधीवर हजर. सूर्य वर आला, बाई एकही नाही. शोधत गेला तर सगळी रांग अनुसयाबाईच्या खालच्या बांधीत वाकलेली.

"काकी! आज माही रोवणी ना?"

"महिनाभर काय म्हणून राह्यले होते तुमी? माहे परे, माही रोवणी. लंगडाबी असाच म्हणे, माहा मासा, माहा मासा. आता साऱ्यायची राह्यलेली रोवणी आधी, मंग तुमची. चार दिवसांनी. तुमची नाव बुडू नये म्हणून म्हणतो जी."

ते फळ आपल्या पदरचं आहे, असं सांगायला दुधरामने तोंड उघडलं. मग त्याच्या ध्यानात आलं, की फळ खोटं तर समाप्ती खोटी. त्याने तोंड मिटलं, धोतर खोचलं आणि चिखलात उतरून बायांना रोवायला परे उपटून द्यायला लागला. निदान चाराचे तीन दिवस तरी व्हावेत.

"भाऊ," बाजूच्या ओळीतून अनुसयाबाई म्हणाली, "तो एकजण वाचला, त्याचं पुढं काय झालं जी?"

दुधरामने पऱ्यांची पेंढी चिखलात आपटली.

"घरी गेला आन् हे पुस्तक लिहिलं! तोबी बुडाला असता, तं माही रोवणी कधीच झाली असती!"