तात्यांची परदेशी भिंत

लग्न ठरण्याआधी माझे सासरे हिंजवडीला माझा फ्लॅट बघायला आले, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही. खिशातून ओळंबा काढला, दोरी सोडली आणि हॉलच्या भिंतीला लावून एक डोळा मिटला. "बोटभर कललीया," ते म्हणाले. मग तोच डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं. "पाव्हनं बरं हायेत."

सासऱ्यांना पौडजवळचं त्यांचं सगळं माले गाव तात्या म्हणतं. शेती थोडी आहे, पण त्यांचा जीव गडग्यात. गडगा म्हणजे चुना-सिमेंट न लावता नुसते दगड रचून केलेली भिंत. वाटेत कुणाच्याही बांधाचा दगड ढळलेला दिसला की तात्या गाडी थांबवणार, तो नीट बसवणार, मगच पुढे जाणार. त्यामुळे त्यांच्याबरोबर पौडला लग्नाला निघालं की अक्षता कधी मिळत नाहीत, जेवण तेवढं मिळतं.

माणसांनाही ते हाच न्याय लावतात. गावचे पुढारी "पोकळ". माझे वडील "जुनं काम, पक्कं". मी? "नवं बांधकाम हाय, दोन पावसाळं जाऊ द्या." आमच्या लग्नाला आता सहा वर्षं झाली, तरी ते दोन पावसाळे काही संपलेले नाहीत.

सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली. तात्या एकटेच असतात, म्हणून गेल्या उन्हाळ्यात ग्रीसला फिरायला जाताना रोहिणीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यांनाही ओढून नेलं. तिथं एका बेटावर डोंगरमाथ्याला तटबंदीतलं जुनं गाव आहे. दोन-तीन चर्च शाबूत, बाकी घरांना छप्परच नाही. चढताना माझा जीव गेला. तात्या मात्र गुरांमागे निघाल्यासारखे पुढे.

"गेली कुटं मानसं?" वर पोचल्यावर त्यांनी विचारलं.

रोहिणीनं पाटी वाचली. "समुद्री चाच्यांच्या भीतीनं इथं वर राहायची. भीती संपली, तशी खाली किनाऱ्यावर गेली."

"म्हंजी भांडान मिटलं म्हून घर सोडलं? आपल्याकडं भांडान लागलं की सोडत्यात."

आम्ही फोटो काढत होतो तेवढ्यात शिट्टी वाजली. तात्या एका पडक्या घराच्या उंबऱ्याशी उकिडवे बसून निसटलेले दगड परत रचत होते. तिथला पहारेकरी धावत आला. इथं कशालाही हात लावायला परवानगी नाही, असं इंग्रजीत म्हणाला.

तात्यांनी मान वर केली नाही. "त्याला म्हनावं, पाडायची परवानगी कुनी दिलीया?"

रोहिणीनं ते जमेल तितकं सभ्य करून सांगितलं. पहारेकऱ्यानं विचार केला. मग बुटानं भिंत दाबून पाहिली. ती हलली नाही. त्यानं पुन्हा शिट्टी वाजवली, पण नोकरीपुरती.

शेवटी आम्ही त्यांना उठवून खाली घेऊन निघालो. मी जरा वैतागलोच होतो. म्हणालो, "तात्या, परक्या मुलखातली भिंत बांधता. घरची परसातली चार पावसाळे पडून आहे, ती का नाही बांधत?"

तात्यांनी पायरीचा एक हलता दगड पायानं दाबून पाहिला.

"ते काम हिच्या आईचं व्हतं."

"भिंत बांधायचं?"

"न्हाई वो. बांधनार मीच. मागं लागायचं काम तिचं. सकाळी च्या देतानाच सुरू व्हायची, भिंतीचं काय झालं म्हून. आता कुनी इचारतच न्हाई."

पुढे चाललेली रोहिणी थांबली. वळली, कमरेवर हात ठेवले आणि फ्लॅटमध्ये कधी न निघणाऱ्या मालेच्या बोलीत म्हणाली, "तात्या, घरी गेल्यावर आदी परसातली भिंत. मी रोज सकाळी फोन करून इचारनार हाय. कळलं का?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "लई कटकट हाय हिची," ते म्हणाले, आणि उरलेल्या पायऱ्या पोरासारखे उतरले.