देवकर सरांचा रेड टॅग

आमच्या शाळेत कुठलीही वस्तू थोडे दिवस जागची हलली नाही, की तिच्या गळ्यात लाल चिठ्ठी पडते. माझ्या छत्रीच्या पडली. कपाटावरच्या पृथ्वीगोलाच्या पडली. एकदा मोकळ्या तासाला मी टीचर्स रूममध्ये जरा डोळे मिटून बसले होते, तर देवकर सर हातात सुतळी घेऊन दारात उभे. "हलताय ना मॅडम? मग ठीक आहे," म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

देवकर सर आमच्या चिखलीच्या शाळेत पर्यावरण शिकवतात. त्याआधीची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत, क्वालिटी डिपार्टमेंटला. निवृत्ती घेतली, पण भाषा तिथलीच राहिली. वर्गाला ते शॉपफ्लोअर म्हणतात आणि मुलांच्या चुकांना रिजेक्शन. पालकसभेत त्यांनी "यंदा सहावी ब ची लाइन जरा स्लो चाललीये" असं सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून हसत होते. पण निम्मे पालक कंपनीतलेच, त्यांना ते व्यवस्थित कळलं.

सर यायच्या आधी पर्यावरणाचा तास पीटीच्या सरांकडे होता, म्हणजे मैदानावर डॉजबॉल. देवकर सरांनी पहिल्याच दिवशी वर्गाला विचारलं, "शाश्वत विकास म्हणजे काय?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, तो आज आला नाही." शाश्वत विकास शेळके नावाचा मुलगा आहे त्या वर्गात. सरांनी पुस्तक मिटलं. "धडा नंतर. आधी रेड टॅग."

कंपनीत बिनकामाच्या वस्तूला रेड टॅग लागतो आणि कुणी दावा सांगितला नाही, की ती भंगारात जाते. सरांनी शाळेसाठी नियम उलटा केला. ज्यानं टॅग बांधला, त्यानंच त्या वस्तूला काम शोधायचं. काम मिळेपर्यंत ती टाकायची नाही आणि टॅगही सोडायचा नाही. पहिला टॅग लागला पर्यावरण दिनाच्या फ्लेक्सला. 'प्लास्टिक टाळा' असं लिहिलेला तो प्लास्टिकचा फ्लेक्स आम्ही दर वर्षी नव्यानं छापून घेत होतो आणि त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं. आता तो मुलांच्या सायकलींवर ताणून बांधलाय.

सरांचा दुसरा नाद म्हणजे 'का'. कुठलीही अडचण आली, की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ सापडतं. नळ गळतोय, का? वायसर गेला. का गेला? बदलला नाही. का नाही? अशा रीतीनं पाचव्या 'का'ला गोष्ट हटकून मुख्याध्यापिका बाईंच्या केबिनमध्ये पोचायची. त्यामुळे बाई सरांवर फारशा खूश नव्हत्या. आणि सर तर तासिका तत्त्वावरचे. बाईंनी मनात आणलं, तर पर्यावरण पुन्हा डॉजबॉलकडे आणि सर घरी.

बाईंना निमित्त मिळालं ते सहावीतल्या ईश्वरीमुळे. सरांनी गृहपाठ दिला होता, घरातल्या बिनकामाच्या वस्तूला रेड टॅग बांधा. कुणी मिक्सरला बांधला, कुणी ट्रेडमिलला. ईश्वरीनं आजोबांना बांधला.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला घेऊन कंपनीच्या शर्टवरच बाईंच्या केबिनमध्ये आले. बाईंनी सरांना बोलावून घेतलं. मीही तिथेच होते. "मॅडम, मी पण चाकणला आहे. रेड टॅग म्हणजे काय ते मला नका सांगू. माझ्या बापाला भंगारात काढायला शिकवता तुम्ही पोरांना?"

"सर, हे सगळं आजपासून बंद करावं लागेल," बाई म्हणाल्या. सरांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं, आता हे काही बोलणार नाहीत. पण सवय कुठे जाते? ते ईश्वरीकडे वळले.

"आजोबांना टॅग का बांधलास?"

"त्यांना काम नाही ना, म्हणून."

"काम का नाही?"

"म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी पार्किंग झालं."

"मग घरी का बसतात? खाली उतरावं, चार माणसांत जावं."

"खाली त्यांच्या ओळखीचं कुणीच नाही. सगळे भाड्यानं आलेत."

"तू का नाही त्यांच्याशी बोलत?"

"मी शाळेत असते. मी घरी येईपर्यंत ते कुणाशीच बोललेले नसतात, सर."

वडील खिडकीबाहेर पाहू लागले. आम्ही पाचव्या 'का'ची वाट पाहत होतो. सरांनी तो विचारलाच नाही. ते खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात दार ढकलून आजोबा स्वतःच आत आले. शर्टाच्या गुंडीला लाल टॅग लटकत होता.

"आबा, तुम्हाला गाडीपाशी थांबायला सांगितलं होतं ना? आणि तो टॅग काढा आधी!"

"न्हाई काढायचा. पोरगी म्हनली, काम गावल्याबिगर सुटत न्हाई." मग बाईंकडे वळून, "काय काम हाय ते सांगा."

बाई किती वर्षांनी हसल्या, कोण जाणे. रेड टॅग बंद होता होता वाचला. अट एवढीच, की यापुढे माणसांना बांधायचा नाही. आबांना शाळेमागचा खताचा खड्डा मिळाला. खत अजून झालेलं नाही, वास मात्र झालाय. आबा फावडं टेकवून म्हशींच्या गोष्टी सांगतात, आणि गोष्ट ऐकायची म्हणून मुलं घरून केळीची सालं घेऊन येतात. या तासाला शाश्वत विकास शेळकेसुद्धा हजर असतो.

परवा शनिवारी शाळा सुटल्यावर मी फाटकापाशी रिक्षाची वाट पाहत होते. मागे सर आणि आबा बोलत होते.

"आबा, उद्या येता का?"

"उद्या ऐतवार हाय, सर. शाळा बंद."

"शाळेत नाही. माझ्याकडे, आकुर्डीला. मी येतो ना गाडीवर न्यायला."

देवकर वहिनी गेल्यापासून सर एकटे राहतात, हे मला माहीत होतं. पण त्यांना रविवारी कसं वाटत असेल, हे एवढ्या दिवसांत मी कधी विचारलं नव्हतं. रिक्षा आली, तिला मी हातानंच पुढे जा म्हटलं.

"येतो की," आबा म्हणाले. "काम काय हाय पर?"

सर जरा घुटमळले.

"काम काही नाही, आबा," ते म्हणाले. "नुसतं बसू."